योरुबा नावे: अर्थ बाळाचा की घराचा?

लागोसनिवासी

महाजालावर 'आफ्रिकी नावे आणि त्यांचे अर्थ' अशा याद्या पुष्कळ सापडतात आणि त्यांत योरुबा नावांचा भरणा मोठा असतो. आयॉदेले म्हणजे आनंद, फेमी म्हणजे प्रेम, बाबातुंदे म्हणजे वडील, असे एका शब्दात अर्थ सांगून त्या मोकळ्या होतात. नोकरीनिमित्त नायजेरियात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, या पद्धतीने अर्थ सांगितला की योरुबा नावातले नेमके महत्त्वाचे तेवढे निसटते. म्हणून हा धागा काढत आहे.

योरुबा भाषा बोलणारे लोक प्रामुख्याने नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे लागोस, इबादान, आबेओकुता, इफे या शहरांच्या परिसरात राहतात. शेजारच्या बेनिन आणि टोगो या देशांतही त्यांची वस्ती आहे. त्यांची संख्या चार कोटींच्या वर जाते. त्यांच्यात रूढ असलेले नाव बहुतेक वेळा नुसता शब्द नसते, ते कर्ता, क्रियापद असलेले पूर्ण वाक्य असते. आयॉदेले म्हणजे 'आनंद घरी आला'. फॉलाशादे म्हणजे 'मानमरातबाचाच मुकुट केला'. प्रसिद्ध गायिका शादे हिचे नाव याच नावाचा तुकडा आहे. एकुनदायॉ म्हणजे 'रडण्याचा आनंद झाला', आणि हे नाव ऐकल्याबरोबर योरुबा माणसाला कळते की, या बाळाच्या जन्माआधी त्या घरात कोणीतरी गेलेले असणार.

आता हे वाक्य बोलते कोण, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. ओलुफुन्मिलायॉ म्हणजे 'देवाने मला आनंद दिला'. यातली 'मी' ती मुलगी नव्हे. ती तिची आई आहे, बाप आहे, किंवा ज्याने नाव ठेवले तो आजा आहे. बामिदेले म्हणजे 'माझ्याबरोबर घरी चल', हे परमुलखात जन्मलेल्या मुलाला आईबापांनी केलेले आर्जव आहे. बांकॉले म्हणजे 'मला घर बांधायला हातभार लाव'. मूल आयुष्यभर जे नाव मिरवते ते त्याच्याविषयीचे नसून त्याच्या जन्माच्या वेळी घरात काय चालले होते त्याविषयीचे असते. 'घराकडे पाहून मग मुलाचे नाव ठेवावे' अशा अर्थाची एक म्हणच त्यांच्यात आहे.

काही नावे मात्र घराने ठरवायची नसतात. त्यांना 'आमुतॉरुनवा', म्हणजे मुलाने स्वर्गातून येतानाच बरोबर आणलेली नावे, असे म्हणतात. पायाळू मूल इगे, पालथे जन्मलेले आजायी, गळ्याभोवती नाळेचा वेढा असलेला मुलगा ओजो आणि तशीच मुलगी आइना. जन्मतःच केसांच्या जटा असलेले मूल दादा. हे नाव आपल्या कानाला फारच ओळखीचे वाटते, पण त्याचा आपल्या दादाशी काही संबंध नाही. अशा मुलाचे केस विधी केल्यावाचून कापत नाहीत.

जुळ्यांची नावे तर ठरलेलीच असतात. आधी बाहेर येतो तो ताइवो, 'जगाची चव पाहणारा'. मागून येतो तो केहिंदे. गंमत अशी की, मागून येणारा केहिंदे थोरला मानला जातो. कारण थोरल्याने धाकट्याला पुढे पाठवले की जा, जग राहण्याजोगे आहे का ते बघून ये. ताइवोने रडून 'ठीक आहे' असा निरोप दिला, आणि मगच केहिंदे महाशय आले. जुळ्यांच्या पाठीवर होणारे मूल इदोवू आणि त्याच्या पाठीवरचे आलाबा. ही नावे इतकी सर्रास आढळण्याचे कारण उघड आहे: योरुबा लोकांमध्ये जुळ्यांचे प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे आणि ओयो राज्यातले इग्बो-ओरा हे गाव तर जुळ्यांचे गाव म्हणूनच ओळखले जाते.

लिपीविषयी एक खुलासा. योरुबात उच्च, मध्यम आणि नीच असे तीन सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. 'ऑकॉ' हाच उच्चार सूर पालटून नवरा, कुदळ किंवा वाहन असा होतो. देवनागरीत हे सूर दाखवता येत नाहीत. मात्र त्यांच्या दोन 'ओ'कारांपैकी उघड्या 'ओ'साठी आपला 'ऑ' आयताच उपयोगी पडतो, तो मी वापरला आहे.

मृण्मयी_७

लेख आवडला. दोन प्रश्न आहेत. ही नावे मुलाची कोणती आणि मुलीची कोणती हे कसे ओळखायचे? आणि आपल्या बारशासारखा काही समारंभ असतो का, त्यात नाव ठेवण्याचा मान कोणाचा?

लागोसनिवासी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, पुष्कळदा ओळखता येतच नाही. योरुबात क्रियापदाला किंवा सर्वनामाला लिंग नाही, त्यामुळे 'आनंद घरी आला' हे वाक्य मुलाला चालते तसे मुलीलाही चालते. बाबातुंदे ('बाप परत आला') आणि येतुंदे ('आई परत आली') यांसारखी मोजकी नावे अपवाद. इथल्या कचेरीत नुसत्या नावावरून पत्राची सुरुवात 'श्रीयुत' अशी करण्याचे धाडस जाणता माणूस करत नाही.

समारंभाला 'इसॉमॉलोरुकॉ' म्हणतात आणि तो हल्ली आठव्या दिवशी होतो. पूर्वी मुलाचे नाव नवव्या, मुलीचे सातव्या आणि जुळ्यांचे आठव्या दिवशी ठेवत. जुन्या वर्णनांत असेही आढळते की, घराच्या छपरावर पाणी फेकत आणि बाळाला वळचणीखाली धरत. अंगावर गार थेंब पडून ते रडले की मंडळींना समाधान वाटे. शहरातल्या सदनिकांत हे आता कुठले शक्य व्हायला.

मी पाहिलेला समारंभ इबादानमधल्या एका घरातला होता. पहाटे माणसे जमली. चटईवर एका मोठ्या वाडग्यात पाणी आणि भोवती बशांमध्ये मीठ, मध, पामतेल, ऊस, सुका मासा, कोलाफळ, कडू कोला आणि आताआरे नावाची मिरीसारखी तिखट बी असलेली शेंग मांडली होती. घरातला सर्वांत वृद्ध पुरुष एकेक जिन्नस उचलून बाळाच्या ओठांना लावी, मग आईला चाखायला देई, आणि तो जिन्नस पुढे सगळ्यांच्या हातांतून फिरे. प्रत्येक जिन्नसाबरोबरची प्रार्थना त्याच्या नावातल्या ध्वनीवर किंवा गुणावर बेतलेली असते. कोलाफळाला 'ओबी' म्हणतात आणि 'बी' या क्रियापदाचा एक अर्थ ढकलून लावणे, म्हणून ओबी मरणाला ढकलून लावो. कडू कोला तो 'ओरोग्बो', आणि 'ग्बो' म्हणजे जून होणे, म्हणून बाळ म्हातारपण पाहो. आताआरेची शेंग म्हाताऱ्याने नखाने फोडली तेव्हा आतून गच्च भरलेल्या तांबूस बिया सांडल्या. इतकी लेकरेबाळे होवोत, असा त्याचा आशय. पाण्याविषयी ते म्हणतात, पाण्याला कोणी शत्रू नसतो.

तुमचा मानाचा प्रश्न यानंतर येतो. नाव ठेवण्याचा मान एकट्या कोणाचा नसतो. बापाने ठरवलेले नाव आधी पुकारले जाते, मग आईकडचे, मग दोन्ही आज्या, आजे, चुलते, मावश्या असा प्रत्येक जण वाडग्यात पैसे टाकतो आणि आपल्या पसंतीचे नाव उच्चारतो. त्या घरातला एक शाळकरी मुलगा ती सगळी नावे वहीत उतरवून घेत होता आणि एका आजीने त्याला दोनदा थांबवून आपल्या नावाचा सूर नीट म्हणायला लावला. दाखल्यावर दोन-तीनच नावे येतात, पण जिने जे नाव दिले ती आजी जन्मभर त्याच नावाने हाक मारते.

डॉ_कावेरी

या विषयात 'आबिकू' नावांचा उल्लेख झाल्याशिवाय चर्चा पुरी होणार नाही. आबिकू म्हणजे मरण्यासाठीच जन्मलेले मूल. एखाद्या बाईची मुले लागोपाठ दगावली तर तेच एक मूल पुन्हा पुन्हा येऊन आईला छळत आहे अशी समजूत होती. मग पुढच्या मुलाचे नाव ठेवताना घर त्याच्याशी थेट बोलते. मालॉमॉ, 'आता पुन्हा जाऊ नकोस'. दुरोजाये, 'थांब, जगाचा उपभोग घे'. कोकुमॉ, 'हा आता मरत नाही'. बांजोको, 'माझ्याजवळ बस'. आणि सर्वांत जिव्हारी लागणारे नाव कोसॉकॉ, 'कुदळच नाही', म्हणजे तुला पुरायला खड्डा खणण्याचे साधनच आता घरात उरलेले नाही, तेव्हा मरण्याचा विचार सोड. कोसॉकॉ याच नावाचा एक राजा १८४५ ते १८५१ या काळात लागोसच्या गादीवर होता.

काही घरे उलट युक्ती करत आणि मुलाला आतान, म्हणजे उकिरडा, असे किळसवाणे नाव देत, की मृत्यूला ते नकोसे वाटावे. आपल्याकडचे धोंडू, दगडू, केरबा, भिकाजी याच भयातून आलेले आहेत. मात्र 'कुदळच नाही' अशी मरणाशी हुज्जत घालणारी नावे मला मराठीत आढळलेली नाहीत.

वैद्यकीय बाजू सांगायची तर, आबिकूच्या समजुतीमागे बऱ्याच अंशी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असावा असे मानले जाते. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेस मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. बाळ जन्मताना धडधाकट दिसते आणि काही महिन्यांनी आजारी पडू लागते. एकाच घरात असे वारंवार घडले की, तेच मूल परत येते हा निष्कर्ष फार दूर राहत नाही. नायजेरियात आजही हा आजार घेऊन दर वर्षी जन्मणाऱ्या बाळांची संख्या जगात सर्वाधिक आहे. गडचिरोली आणि नंदुरबारमधल्या आदिवासी समाजांतही हा आजार असल्यामुळे आमच्या पेशातल्या लोकांना हा विषय परका नाही.

तिरपा_टाक

माहिती उत्तम आहे, पण 'नाव म्हणजे घराची बातमी' हा सिद्धान्त मला थोडा ताणलेला वाटतो. आपल्याकडेही आजोबा वारल्यावर नातवाला त्यांचे नाव देतात. मग बाबातुंदेचे विशेष ते काय? आणि दुसरे असे की, आज लागोसमध्ये राहणारे तरुण जोडपे खरोखर घरची परिस्थिती न्याहाळून नाव ठेवते, की तेही आपल्यासारखेच भ्रमणध्वनीवर यादी उघडून कानाला गोड वाटणारे नाव उचलते? तसे असेल तर या अर्थांची किंमत आपल्या 'आरव'-'विवान'इतकीच.

लागोसनिवासी

आक्षेप योग्य आहे. पहिला मुद्दा आधी घेतो. आपण आजोबांचे नाव उचलून नातवाला देतो. आजोबा गणेश असतील तर नातूही गणेश. योरुबा घरात आजोबांचे नाव काहीही असो, त्यांच्या पश्चात जन्मलेल्या मुलाला 'बाप परत आला' असे म्हटले जाते. ते नाव आजोबांचे नव्हे, आजोबांविषयीचे विधान आहे, आणि आजोबा हयात असताना ते ठेवताच येत नाही. पारंपरिक घरांत नाव ठेवण्याआधी इफा या भविष्यकथनाच्या परंपरेतल्या पुरोहिताकडून, म्हणजे बाबालावोकडून, कौल घेत आणि कोण परतले आहे हे त्यावरून ठरत असे.

दुसऱ्या मुद्द्यावर मी अर्धा सहमत आहे. याद्या पाहून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. विशेषतः ओलुवा, म्हणजे प्रभू, हा शब्द आरंभी लावून तयार होणारी नावे आता इतकी झाली आहेत की एकाच वर्गात चार-पाच सापडतात. पण यामागेही एक बातमीच आहे, ती एका घराची नसून समाजाची आहे. नावाचा पहिला घटक पूर्वी घराण्याची ओळख देई. 'आदे' म्हणजे मुकुट, तो राजघराण्याशी नाते असलेल्यांचा. 'ओगुन' हा लोखंडाचा देव, म्हणून लोहार आणि शिकारी यांच्या घरांत ओगुनने सुरू होणारी नावे. दैवज्ञांच्या घरांत इफा, वादकांच्या घरांत आयान, शिकाऱ्यांत ऑदे. एकोणिसाव्या शतकापासून ख्रिस्ती धर्म पसरला तसे अनेक घरांनी शेपूट तसेच ठेवून डोके बदलले: कालचा इफाशॉला आज ओलुशॉला झाला. मला हा बदल समजतो, पण तो आवडतो असे म्हणवत नाही. त्यात व्यवसायाचा आणि कुळाचा धागा तुटला.

मुसलमान योरुबांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी अरबी नावे घेतली आणि ती योरुबा जिभेवर अशी घोळवली की मूळ ओळखू येऊ नये. लामिदी हा मुळात अब्दुल हमीद आहे, लासिसी हा अब्दुल अझीझ आणि राइमी हा अब्दुल रहीम.

आडनाव हा प्रकार तर मूळचा नव्हेच. तो मिशनच्या शाळा आणि ब्रिटिश दप्तरे यांच्याबरोबर आला. सॅम्युअल आजायी क्राउदर यांचे उदाहरण बोलके आहे. १८२१ मध्ये गुलाम म्हणून पकडले गेलेले हे मूल पुढच्याच वर्षी ब्रिटिश आरमाराने सोडवले आणि सिएरा लिओनला नेले. १८२५ मध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला एका इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव मिळाले. हेच गृहस्थ १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले, आणि १८४३ मध्ये योरुबा शब्दसंग्रह छापून त्यांनीच या भाषेच्या लेखनाचा पाया घातला. जन्माच्या वेळी पालथे होते म्हणून मिळालेले 'आजायी' त्या दोन इंग्रजी नावांच्या मध्ये आजही टिकून आहे. याउलट संगीतकार फेला रॅन्सम-कुटी याने १९७० च्या दशकात आडनावातला 'रॅन्सम' हा मिशनऱ्याकडून आलेला भाग गुलामीचा ठरवून टाकून दिला आणि त्या जागी 'आनिकुलापो', 'मरण ज्याच्या खिशात आहे तो', हे नाव घेतले. त्याच्या आईने तर अर्धशतक आधीच फ्रान्सिस आणि अबिगेल ही दोन्ही नावे सोडून फुन्मिलायॉ एवढेच ठेवले होते.

थेम्सकाठी

लंडनमध्ये माझे अनेक सहकारी योरुबा आहेत, त्यामुळे तिकडच्या नावांचे इकडे काय होते ते सांगतो. लांब वाक्य कोणी उच्चारत नाही, तेव्हा नाव कापले जाते आणि बहुतेक वेळा शेवटचा तुकडा उरतो. ओलुशेगुन, 'प्रभूने विजय मिळवला', याचा नुसता शेगुन. ओलुवॉले याचा वॉले. नोबेल विजेते वोले सोयिंका यांचे नाव हा असाच तुकडा आहे. कर्ता गळतो, क्रियापद उरते, आणि कोणी काय केले हे फक्त घरच्यांना ठाऊक राहते.

सर्वांत मोठी दुर्दशा मात्र ग्रीसमध्ये झालेल्या एका नावाची आहे. बास्केटबॉलपटू यानिस आंतेतोकुंपो याचे आडनाव मुळात आदेतोकुनबॉ, 'मुकुट समुद्रापलीकडून परत आला'. अथेन्समध्ये ते ग्रीक लिपीत लिहिले गेले, जिथे 'द'साठी 'न्त' आणि 'ब'साठी 'म्प' अशी जोडाक्षरे वापरतात. २०१३ मध्ये पारपत्र निघताना त्या ग्रीक अक्षरांचे रोमन अक्षरांत शब्दशः रूपांतर झाले आणि मूळ नाव जवळजवळ दिसेनासे झाले. समुद्रापलीकडे जन्मून मायदेशी आणलेल्या मुलाला तोकुनबॉ म्हणतात, आणि नायजेरियात परदेशातून आणलेल्या जुन्या मोटारींनाही लोक तोकुनबॉच म्हणतात, हे मला इथल्याच एका तोकुनबॉने हसत हसत सांगितले.

मृण्मयी_७

लागोसनिवासी, वर एवढी नावे आली, पण 'ओरिकी' राहिले. मला ते लाडाचे नाव एवढेच माहीत आहे.

लागोसनिवासी

बरे झाले आठवण केलीत. वाक्यनावे घराविषयी बोलतात हे मी वर म्हटले. ओरिकी मात्र त्या व्यक्तीचे असते. ते प्रत्येकाला सहसा एकच मिळते आणि तिथे मुलगा-मुलगी हा भेद काटेकोर असतो. मुलींच्या ओरिकींचा शेवट बहुधा 'के' असा होतो, ज्याचा अर्थ लाड करणे, जपणे: आबेके, 'विनवून मिळवलेली आणि जपायची', आशाके, 'निवडून घेतलेली लाडकी'. मुलांची ओरिकी आकान्नी, आजानी, आयिंदे अशी असतात. ओरिकी हाक मारायला वापरण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आहे. धाकट्याने थोरल्याला त्या नावाने हाक मारणे उद्धटपणाचे ठरते. रडणाऱ्या मुलाला आजी मांडीवर घेते, आधी ओरिकी उच्चारते आणि मग कुळाची लांबलचक स्तुती सुरू करते. मी तिशीतले बँक अधिकारी आईने फोनवर ओरिकीने हाक मारताच आवाज खाली आणताना पाहिले आहेत.

सासरी आलेल्या सुनेचा नियमही तुम्हांला रुचेल. लग्न होऊन ती घरात आली त्याआधी त्या घरात जन्मलेले प्रत्येक माणूस, मग ते सात वर्षांचे पोर का असेना, मानाने तिच्यापेक्षा मोठे, म्हणून ती त्याचे नाव घेत नाही. ती स्वतः टोपणनावे पाडते: कोणाला 'कारकून', कोणाला 'सडपातळ'. आपल्या उखाण्यात नवऱ्याचे नाव घेण्यापुरती तरी सवलत आहे.

वाटसरू_अ

माझ्या लागोसच्या कचेरीतल्या सहकाऱ्याला मुलगी झाली आहे आणि आठव्या दिवशीच्या समारंभाचे मला निमंत्रण आहे. परक्या माणसानेही नाव द्यावे अशी अपेक्षा असते का? असल्यास मराठी नाव दिलेले चालेल का?

लागोसनिवासी

अपेक्षा नसते, पण मुभा असते, आणि दिलेत तर घरच्यांना आनंदच होतो. आदल्या दिवशी सहकाऱ्याला विचारून ठेवा, म्हणजे समारंभ चालवणाऱ्या वडीलधाऱ्यांना तुमची पाळी कधी ते ठाऊक राहील. मराठी नाव खुशाल द्या, मात्र दिल्यावर ते का दिले हे एका वाक्यात सांगा. ते कारण ऐकण्यासाठी लोक खरोखर थांबतात. योरुबा नाव द्यायचे असेल तर 'आदे'ने सुरू होणारे टाळा, कारण त्या घराचा राजघराण्याशी संबंध नसेल तर पाहुण्याने मुकुट वाटल्यासारखे होईल. त्यापेक्षा जन्माच्या दिवशी काय घडले ते विचारा. पाऊस पडत होता का? असेल तर बेजिदे, 'पावसाबरोबर आली', हे नाव कोणीतरी तुमच्या आधीच सुचवण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा दुसरे एक तयार ठेवा. आईला इस्पितळात पोहोचण्याआधी वाटेतच बाळंतपण झाले असेल तर आबिऑना, 'वाटेवर जन्मलेली'. सणाच्या दिवसांत झाले असेल तर आबिऑदुन. नोटा सुट्या आणि कोऱ्या न्या, वाडग्यात टाकताना उजवा हात वापरा, आणि पहाटे लवकर पोहोचा. पार्टी दुपारी असते, नावे मात्र सकाळीच ठेवून होतात.